बोटावरचे सत्त्याण्णव

दहा फेब्रुवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. माझी पत्नी सुशीला हिने चहा गाळता गाळता पातेले खाली ठेवले आणि दोन्ही हात ओट्यावर टेकून ती उभी राहिली. मी विचारले, "काय झाले?" तिने उत्तर दिले नाही. सुशीलाने उत्तर दिले नाही असे आमच्या संसारात सहसा घडत नाही. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठलो.

तीन दिवस ताप आणि खोकला होता. ऋतुबदल, असे तीच म्हणाली होती आणि मला ते सोयीचे वाटले होते. मुलगा प्रमोद याने खणातून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्र काढले. महामारीच्या काळात प्रत्येक घराने घेतले, तसे आम्हीही घेतले होते. आकडा आला ब्याऐंशी. प्रमोदने ते स्वतःच्या बोटाला लावून पाहिले, ते ठीक होते. पुन्हा आईच्या बोटाला लावले. एक्क्याऐंशी.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहतो. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला मुलुंडच्या एका रुग्णालयात नेले. दुपारच्या जेवणाची वेळ होण्याआधी तिच्या घशात नळी होती आणि श्वास यंत्र घेत होते.

सही

डॉक्टर बाई चाळिशीच्या आतल्या. त्यांनी सांगितले की न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत आहे, संसर्ग रक्तात उतरला आहे आणि रक्तदाब औषधावाचून टिकत नाही.

"वाचेल का?" मी विचारले.

"काका, आत्ता सांगता येणार नाही."

हे उत्तर मला पटले. त्यानंतर अनेकांनी "काही होणार नाही हो" असे सांगितले, ते पटले नाही. संमतिपत्र मी संपूर्ण वाचले आणि मग सही केली. नर्स पेन घेऊन ताटकळत होती. प्रमोद म्हणाला, "बाबा, करा ना पटकन." पटकन सही करणाऱ्या माणसांनीच या देशातली अर्धी कामे बिघडवली आहेत. तिच्या बांगड्या आणि चष्मा एका पिशवीत घालून माझ्या हाती दिला. चष्मा पुसलेला नव्हता. मी पुसला.

आकडा

खाटेजवळच्या पडद्यावर अनेक रेषा आणि अनेक आकडे असतात. नातेवाइकाला त्यांतला एकच कळतो, ऑक्सिजनचा. यंत्र लावल्यावर तो सत्त्याण्णव झाला.

"बाबा, सत्त्याण्णव! टेन्शन नाही आता," प्रमोद म्हणाला आणि त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तो आकडा टाकला. जोडलेल्या हातांची आणि 'जय भीम'ची रांग लागली. त्या दिवसापासून गटावर रोज सकाळ-संध्याकाळ आकडा जाऊ लागला. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. लोक एकमेकांचे अभिनंदन करू लागले. धावफलक पाहून सामना जिंकल्याचा आनंद मानावा, असा प्रकार होता.

डॉक्टर बाईंचा चेहरा मात्र सुधारला नाही. लघवी कमी होत होती आणि पाय गार होते. आकडा इतका चांगला असताना पाय गार का, असे मी विचारले.

त्या म्हणाल्या, "काका, समजा एक गाडी आहे—"

"समजा नको. आहे ते सांगा."

मग त्यांनी सांगितले, आणि नीट सांगितले. बोटावरचा आकडा एवढेच सांगतो की रक्त फुफ्फुसातून निघाले तेव्हा ऑक्सिजनने भरलेले होते. ते रक्त पुरेसे आहे का, हृदय ते पुरेशा जोराने पाठवते का, मूत्रपिंडापर्यंत आणि पायापर्यंत ते पोचते का, आणि पोचल्यावर शरीर त्याचे काय करते, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी मानेच्या मोठ्या शिरेतून, म्हणजे शरीरभर फिरून परत आलेले रक्त काढतात आणि त्यात किती ऑक्सिजन शिल्लक आहे ते मोजतात. शिल्लक फार कमी असेल तर पुरवठा अपुरा आहे किंवा खप जास्त आहे. बहुधा दोन्ही. शिवाय लॅक्टेट नावाचा एक पदार्थ मोजतात. शरीराचे भागेनासे झाले की तो सहसा रक्तात साठू लागतो. तिच्या रक्तात तो साठत होता.

मी पालिकेच्या पाणीखात्यात नोकरी केली. मुख्य जलवाहिनीत दाब भरपूर आहे असे कार्यालयात बसून सांगणारे साहेब मी पाहिले आहेत, आणि चौथ्या मजल्यावर कोरडा नळ उघडून उभ्या असलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. दोघेही खरे बोलत असतात. मला आणखी काही समजावून सांगावे लागले नाही.

"मग उपाय?"

"रक्त कमी आहे, ते देतोय. हृदयाला मदत करणारं औषध सुरू केलंय. पुरवठा आम्ही बघतो. पण त्यांच्या शरीराचा खपही कमी राहायला हवा. ताप नको, धडपड नको. त्यांना शांत पडू द्यायचं."

हे वाक्य मी ऐकले. त्याचा अर्थ लावायला मला वेळ लागला.

वेळापत्रक

आमच्या माणसांत एक रीत आहे. कुणी रुग्णालयात पडले की भेटून यायचेच. गेला नाहीत तर ते लक्षात ठेवले जाते. आणि नुसते जाऊन चालत नाही. आजाऱ्याने तुम्हाला पाहिले पाहिजे. म्हणून खाटेशी वाकून मोठ्याने विचारायचे, "ओळखलं का? मी कोण?" आजाऱ्याने मान हलवली की भेट झाली. सुशीलाने जन्मभर सगळ्यांची दुखणी काढली, बाळंतपणे केली, डबे पोचवले. साहजिकच यादी मोठी होती. विहारातल्या बायका, माझे पुतणे, तिचे भाचे, प्रमोदच्या सासरची मंडळी.

रुग्णालयाचा नियम सकाळी एक तास, सायंकाळी एक तास आणि एका वेळी एक पास, असा होता. पहिले दोन दिवस जिन्यात भांडणे झाली. मग मी वेळापत्रक आखले. ज्या रीतीने भागवार पाणी सोडतात, त्या रीतीने. सकाळची वेळ माझी. सायंकाळी पाच ते सहा इतरांची, प्रत्येकी दहा मिनिटे. पास जिन्याच्या वळणावर हातोहात द्यायचा. कुणी वंचित राहणार नाही आणि कुणाला दोनदा मिळणार नाही. ते कसोशीने पाळले गेले. एक पुतण्या म्हणाला, "काका, पालिकेत पण इतकं टाइमवर पाणी नाही आलं कधी." मला बरे वाटले होते, हे खरे आहे.

पाचव्या दिवशी डॉक्टर बाईंनी मला बाजूला बोलावले.

"सकाळी लवकर घेतलेला नमुना बरा असतो. संध्याकाळी साडेसहाचा ढासळलेला असतो. रोज. औषधं तीच, मशीन तेच. म्हणून काल मी पाच ते सहा स्वतः उभी राहिले."

"मग?"

"सहा जण आले. प्रत्येकाने त्यांना हाका मारून जागं केलं. एकीने गाल थोपटले. एकाने तळपाय चोळले. त्या मान हलवायचा प्रयत्न करतात, मशीनच्या विरुद्ध श्वास घेतात, नाडी धावायला लागते. पडद्यावर तेव्हाही सत्त्याण्णवच होतं, काका. पण परत येणाऱ्या रक्तात काही उरत नव्हतं."

"झोपेचे औषध वाढवा."

"वाढवलं की बीपी पडतं. आणि नळी काढायची तर त्यांना हळूहळू जागं करावंच लागेल. पण तपासण्यासाठी आम्ही जागं करू. परीक्षा घ्यायला नाही."

खप मी वाढवला होता. वेळापत्रकाने वाढवला होता. सहा नळ एकाच तासात, शिस्तीने.

दार

त्याच दुपारी मी प्रमोदकडून गटावर लिहून घेतले की उद्यापासून भेटी बंद. त्याने आपल्या मनाने पुढे 'कृपया समजून घ्यावे' असे जोडले. कुणी समजून घेतले नाही. फोन सुरू झाले. म्हातारा काहीतरी लपवतो आहे, असा सूर निघाला. माझ्या एका भाच्याने तर विचारले, "मामा, मामी आहेत ना?" मी फोन ठेवला. संताप कुणावर काढावा हेच कळत नव्हते. ही सगळी माणसे प्रेमाने येत होती. प्रेमाशी भांडता येत नाही. म्हणून ती वेळ फार वाईट असते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी सुशीलाची थोरली बहीण कौसल्याताई येऊन उभ्या राहिल्या. अकोल्याहून रेल्वेने, हातात पिशवी, पिशवीत ज्वारीच्या भाकरी. जिच्या घशात नळी आहे तिच्यासाठी भाकरी.

"भाऊजी, मले आत जाऊ द्या."

"नाही. कुणालाच सोडत नाहीत."

"कोन सोडत नाही? दवाखान्याचे लोक का तुमी?"

"मी."

"माही बहीन हाय ते! पाठीवरची. तिले समजलं पाह्यजे ना, का आपलं मानूस आलं म्हून?"

"समजले की ती उठायला पाहते. तेच नको आहे."

"म्हंजे मी दिसभर बसून आली ते दारच पाह्यले?"

मी त्यांना कारण सांगितले. पुरवठा, खप, परत येणारे रक्त. त्यांनी ऐकले, आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "प्रमोद तं म्हने आक्सिजन सत्त्यान्नव हाय. मंग?"

त्या आकड्याने माझे जितके नुकसान केले तितके कुणा शत्रूने केले नसेल. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांनी रोज डॉक्टरांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. लघवी किती झाली, रक्तदाबाचे औषध वाढले की कमी झाले, आणि परत येणाऱ्या रक्ताचे काय. उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे. आणि गटावर आकडा टाकू नये.

कौसल्याताई आत गेल्या नाहीत. माझ्याशी बोलल्याही नाहीत. बाकावर बसून राहिल्या. घरी आल्या, स्वतःच्या भाकरी स्वतः खाल्ल्या.

पासवरचे नाव

सायंकाळचा नमुना सुधारला. मी डॉक्टर बाईंना म्हणालो, "म्हणजे बरोबर झाले."

"संध्याकाळचा सुधारला. आता दुपारी बाराचा बिघडलेला दिसतो."

सकाळी अकरा ते बारा ही माझी वेळ होती.

"मी तिला हातही लावत नाही," मी म्हणालो. "हाक मारत नाही. काही विचारत नाही."

"बोलता ना?"

बोलत होतो. खुर्चीत बसून तिला घरचे सांगत होतो. कामवाल्या बाईचे पैसे दिले. गॅस आला. कुंड्यांना पाणी घातले. डाळ मी केली, कुकरमध्ये. तिला चिंता नको, एवढाच हेतू होता. मला वाटे, ती ऐकते आहे, म्हणजे बरे आहे.

तिथली नर्स, मलबारकडची मुलगी, मराठी मोडकी बोलणारी, हसून म्हणाली, "आजोबा डाळ बोलले, आजी हात असा असा करते. खूप राग."

तिने हात करून दाखवला. मी तो हात ओळखला. त्याचा अर्थ, हिंग कुठे आहे ते तुम्हाला माहीत तरी आहे का. माझे स्वयंपाकघर ऐकून सुशीला स्वस्थ पडून राहील, ही माझी समजूत कशावर आधारलेली होती ते मला सांगता येणार नाही.

"दोन-तीन दिवस तुम्हीही नको," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काचेतूनही नको. त्यांना चष्म्याशिवायही तुम्ही कळता."

दारावरचा पहारेकरी मला ओळखू लागला होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी जागेवरून उठलो नाही, तेव्हा त्याने मला दोनदा हाक मारली. मी हाताने नाही म्हटले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कौसल्याताई होत्या. दोन दिवसांनी त्या प्रथम बोलल्या.

"तुमचा बी नंबर लागला का भाऊजी?"

"लागला."

"तिले तरास होते म्हून?"

"हो."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "लगन झाल्यापासून होते." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्याकडे सरकवली.

बाकावर बसणे हे काम आहे, हे मला ठाऊक नव्हते. चालणे, फाइल आणणे, रक्तपेढीत जाणे, ही कामे सोपी. दार दहा पावलांवर असताना बसून राहायचे आणि यालाच सेवा म्हणायचे, हे मला साधत नव्हते. मी चिडलेला होतो. रुग्णालयावर, आकड्यावर, रीतीवर, आणि ज्या बाईला माझ्या डाळीचा राग येण्यासाठी लागणारा श्वासही परवडत नव्हता, तिच्यावरही.

नळी निघाली

भेटी थांबवल्या म्हणून ती बरी झाली, असे मी म्हणणार नाही. प्रतिजैविके होती, रक्त दिले, ताप उतरला. डॉक्टर बाई एवढेच म्हणाल्या की एक ओझे होते ते उतरवले. लघवी वाढली. रक्तदाबाचे औषध कमी करत करत बंद केले. मग एका सकाळी त्यांनी नळी काढली.

त्या दिवसांतले सुशीलाला थोडे आठवते. घरी आल्यावर तिने सांगितले की तहान फार होती. आणि वरून तोंडे येत, मोठी मोठी, प्रत्येक जण विचारी मी कोण. तिला सगळ्यांची नावे येत होती. सांगता येत नव्हती. लहानपणी शाळेत फळ्याजवळ उभे करत तसे वाटे, असे ती म्हणाली.

नळी काढली त्या दिवशी मला पाच मिनिटांची परवानगी मिळाली. अट डॉक्टर बाईंनी दारातच सांगितली. "त्यांना बोलायला लावायचं नाही. म्हणून तुम्हीही बोलायचं नाही. तुम्ही एक शब्द बोललात की त्या चार बोलतात. आज त्यांना श्वासच पुरवून वापरायचाय."

मी मान्य केले.

ती उशीला टेकून होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, हातांवर काळे डाग, ओठ फुटलेले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मुखवट्याच्या आतून घोगरा, अर्धवट आवाज आला.

"आला नाहीत."

मी उभा होतो.

"मी रोज... दाराकडे."

माझ्याजवळ उत्तर होते. तयार होते, थोडक्यात होते आणि पूर्णपणे खरे होते. ते मी सांगितले असते, तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता. तिच्या डोक्यामागच्या पडद्यावर श्वासांची संख्या चढू लागली होती, ती मला दिसत होती. मी तोंड मिटून घेतले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग मान दुसरीकडे वळवली. श्वास हळूहळू खाली आले. मी पाच मिनिटे पुरी केली.

निघताना नर्स म्हणाली, "आजोबा, ओठाला ग्लिसरीन पाहिजे."

बाहेर कौसल्याताई उठून उभ्या राहिल्या. "काय म्हने?"

"बोलली," मी सांगितले.

त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. मी खाली औषधाच्या दुकानात गेलो, ग्लिसरीनची लहान बाटली घेतली, तिच्यावर कागद चिकटवून सुशीलाचे नाव आणि खाट क्रमांक लिहिला, वर येऊन बाटली पहारेकऱ्याच्या हाती दिली आणि पास परत केला.